शेकडा दोन, पण कशाचे आणि किती दिवसांचे?

मुंबईहून निघालेली लोकल कसाऱ्याला संपते आणि तिथून घाट सुरू होतो. इगतपुरीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या इथे थांबतात. त्यांच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि घाटमाथा येईपर्यंत ती गाडीला रेटत राहतात. रेल्वेवाले या इंजिनांना बँकर म्हणतात. पैशाअडक्याशी त्यांचा काही संबंध नाही. थळ घाटातली ही वाट १८६५ साली खुली झाली. तिचा चढ सांगतात तो ‘एकास सदतीस’, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. एकाला सदतिसाने भागून शंभराने गुणलं की येतात २.७. थोडक्यात, घाट २.७ टक्क्यांचा.

आकडा किरकोळ वाटतो, पण तो पेलायला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. शिवाय २.७ हा सगळ्यात कडक चढ आहे. मूळ मार्ग साधारण १५ किलोमीटरांचा आणि तेवढ्यात चढायचं ९७२ फूट, म्हणजे जेमतेम २९६ मीटर. सरासरी काढली तर चढ दोन टक्क्यांच्याही आत येतो. पण इंजिनं सरासरीवर ठरत नाहीत, कडक चढावर ठरतात. घरखर्चाचंही असंच होतं. वर्षाच्या हिशेबात हप्ता कमाईच्या १५ टक्केच असतो. पण जूनमध्ये बियाणं, शाळेच्या वह्या आणि छपरावरचा प्लॅस्टिकचा कागद एकदम येतात, तेव्हा त्या महिन्यात तोच हप्ता उरलेल्या कमाईतला निम्मा भाग खातो. टक्का कुठल्या आकड्याचा धरला आणि किती काळाचा धरला, यावर सगळं फिरतं. आकडेमोड त्यामानाने सोपी आहे, म्हणून ती आधी उरकून घेऊ.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते आणि एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के. दोन आणे साडेबारा, चार आणे पंचवीस, आठ आणे पन्नास. जुन्या माणसांचा तोंडी हिशेब या पायऱ्यांवरून चाले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेल्या माणसाला ३६० चे पंचवीस टक्के विचारले तर तो टक्क्यांच्या वाटेला जात नाही. पावकीतून थेट ९० सांगतो. नव्या पैशाने त्याहून सोपी सोय केली. टक्का म्हणजे रुपयामागे एक पैसा, शंभरामागे एक रुपया, हजारामागे दहा, लाखामागे हजार. महसूल खातं पिकाची पैसेवारी काढतं तीही याच मापाने. पैसेवारी पन्नासच्या आत आली, म्हणजे प्रमाण मानलेल्या उत्पन्नाच्या निम्मंही पीक हाती आलं नाही.

मोबाईल खिशात असला तरी ढोबळ उत्तर तोंडीच काढावं. दहा टक्के काढायचे तर शेवटचा एक आकडा दशांशापलीकडे ढकलायचा: ४,७५० चे ४७५. पाच टक्के त्याच्या निम्मे, २३७.५०. एक टक्का ४७.५०. अठरा टक्के हवे असतील तर दहाचे दुप्पट करून दोन टक्के वजा करायचे: ९५० उणे ९५, म्हणजे ८५५. आणखी एक गंमत शाळेत फारशी सांगत नाहीत: ५० चे १८ टक्के आणि १८ चे ५० टक्के एकच. पहिला हिशेब अवघड वाटतो, दुसरा म्हणजे अठराचे निम्मे, नऊ. ७५ चे ४ टक्के विचारले तर चाराचे पाऊणपट, तीन.

आता खरी अडचण. शाळेत सरळव्याजाचं सूत्र होतं: मुद्दल गुणिले दर गुणिले काळ, भागिले शंभर. व्यवहारात बोलताना आपण दर तेवढा बोलतो. मुद्दल आणि काळ समोरच्याने गृहीत धरायचे.

कसारा-खर्डी पट्ट्यातल्या गावांत महिला बचत गटाची बैठक बसते तेव्हा कर्जाचा दर ‘शेकडा दोन’ असा सांगतात. तो महिन्याचा असतो. बँकेच्या भाषेत तो वर्षाला चोवीस टक्के झाला. ऐकणाऱ्याला हा दर जबर वाटेल, पण दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक म्हणजे हे व्याज गटाच्याच पेटीत राहतं आणि त्यातून बायकांची बचत वाढते. दुसरी अधिक महत्त्वाची: नीट चालणारा गट उरलेल्या मुद्दलावर व्याज घेतो. समजा एकीने ५,००० रुपये घेतले आणि दरमहा ५०० रुपये मुद्दल फेडायचं ठरवलं. पहिल्या महिन्याचं व्याज १००, दुसऱ्या महिन्याला मुद्दल ४,५०० उरलं म्हणून ९०, मग ८०, ७० असं उतरत दहाव्या महिन्याला १०. बेरीज ५५०. तोच शेकडा दोनचा दर कुणी अखेरपर्यंत मूळ ५,००० वर लावला तर दहा महिन्यांचे १,००० होतात. दर एकच आणि व्याज जवळजवळ दुप्पट. गटाच्या वहीत ‘शिल्लक मुद्दल’ असा रकाना आहे का, एवढं पाहिलं तरी हा फरक कळतो.

वाहनाच्या आणि वस्तूंच्या कर्जात ही दुसरी रीत सर्रास दिसते. तिला फ्लॅट रेट म्हणतात. साठ हजारांचं कर्ज, दोन वर्षं, ‘फक्त दहा टक्के’. वर्षाचे सहा हजार, दोन वर्षांचे बारा हजार, एकूण ७२,००० भागिले २४, हप्ता ३,०००. हिशेब चोख आणि हप्ताही गोल. पण वर्षभराने तुमच्याकडे सावकाराचं मुद्दल उरलेलं असतं निम्म्याच्या आसपास, आणि व्याज चालू असतं पुऱ्या साठ हजारांवर. उरलेल्या मुद्दलाच्या रीतीने मोजलं तर हा दर सुमारे १८ टक्के पडतो. त्यात प्रक्रिया शुल्क म्हणून १,२०० रुपये आधीच कापून हातात ५८,८०० दिले, तर तो वीसच्या वर जातो. फ्लॅट दर ऐकला की त्याची जवळपास पावणेदोनपट ते दुप्पट करावी; दोन-तीन वर्षांच्या कर्जाला हा ढोबळ नियम पुरतो.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना सर्व किरकोळ मुदत कर्जांसाठी एक माहितीपत्रक देणं बंधनकारक केलं आहे. त्यात सगळी शुल्कं धरून येणारा वार्षिक दर एका आकड्यात लिहायचा असतो आणि पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं. दुकानातला एजंट हप्ता सांगतो, टक्का सांगतो, ‘झिरो डाऊन पेमेंट’ सांगतो. हे पत्रक मागितलं की त्याला तो एक आकडा दाखवावा लागतो. माझ्या मते मागण्यासारखा कागद हाच. बाकीचे नंतर वाचले तरी चालतील.

शहापूर आणि मुरबाडच्या आदिवासी पाड्यांना टक्क्यातला काळ कुणी शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, भात अजून शेतात उभं असतं, तेव्हा पोटासाठी घेतलेलं उसनं म्हणजे खावटी. ती दिढीने फेडायची रीत होती: श्रावणात दहा पायल्या घेतल्या तर भात झोडपल्यावर पंधरा. ‘दीडपट’ या बोलण्यात पन्नास टक्के दिसतात. पण ते तीन-चार महिन्यांचे आहेत. वर्षाला लावले तर दीडशे ते दोनशे टक्के होतात. त्यातही उसनं घेताना धान्य महाग आणि फेडताना, सुगीत, स्वस्त. म्हणून पायल्यांऐवजी रुपयांत मोजलं तर हिशेब आणखी वेगळा. लग्नासाठी कर्ज काढून नवराबायकोने सावकाराकडे राबायचं, ही लग्नगडीची पद्धत ठाणे जिल्ह्यात होती. तिथे तर काळाला अंतच नसे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला.

खावटीला पर्याय म्हणून सरकारने १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज दिलं. त्यात ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान. दोन हजारांच्या खावटीत फेडायचे १,४०० आणि ६०० माफ. कोरोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, याचंच शंभर टक्के अनुदान करण्यात आलं: कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे खात्यात आणि निम्मे वस्तूंच्या रूपात.

सावकारी कर्जालाही टक्क्याची मर्यादा आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ साली आला. त्याखालच्या दरांप्रमाणे परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. बिगरशेतकऱ्यांसाठी हे आकडे १५ आणि १८. आता बाजारात ‘दहा रुपये शेकडा’ म्हणून सांगितला जाणारा दर महिन्याचा असतो, वर्षाचे एकशेवीस टक्के. कायद्यातला नऊ आणि बाजारातला दहा शेजारी ठेवले तर एकाचाच फरक दिसतो. तो प्रत्यक्षात तेरापटीहून मोठा आहे. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयंही तो मानत: थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. दर तपासायला ही दामदुपट आजही उत्तम माप आहे. व्याज मुद्दलाएवढं व्हायला किती महिने लागतील? शंभराला महिन्याच्या दराने भागायचं. शेकडा दोनला ५० महिने, शेकडा दहाला अवघे दहा. वर्षाला नऊ टक्के असेल तर अकरा वर्षं.

शून्य टक्क्यालाही काळाची अट असते. राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्के पडतं, कारण केंद्र आणि राज्य व्याजाचा भार उचलतात. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीतून कर्ज घेतलेल्याला ही मुदत माहीत असते. ती चुकली की सवलत जाते आणि व्याज अंगावर येतं.

सोन्याच्या दुकानात प्रश्न काळाचा नसतो, पायाचा असतो. समजा दागिन्यातल्या सोन्याची किंमत ५०,००० झाली आणि घडणावळ १२ टक्के, म्हणजे ६,०००. जीएसटी ३ टक्के आहे, पण पावतीवर तो सहसा दोन्हींच्या बेरजेवर, ५६,००० वर लागतो: १,६८०. एकूण ५७,६८०. मूळ सोन्यावर तुम्ही १५.३६ टक्के जास्त दिले. बारा अधिक तीन पंधरा नव्हे. उद्या तोच दागिना मोडायला नेला आणि सोन्याचा भाव तोच असला, तर घडणावळ आणि कर दोन्ही गेले. तोटा ७,६८०, पण तुम्ही दिलेल्या रकमेच्या मानाने तो १३.३ टक्के. रक्कम एकच आणि टक्के दोन. कुठला सांगायचा हे सांगणारा ठरवतो. दागिन्यावरचा ९१६ हा शिक्काही टक्काच आहे: हजारात ९१६ भाग शुद्ध सोनं, बावीस कॅरेट. दहा ग्रॅमच्या बांगडीत ९.१६ ग्रॅम सोनं, बाकीचा मिलावटीचा धातू. भाव बावीस कॅरेटचा लावलाय की चोवीसचा, हे मोडताना विचारायचं ते त्यासाठी.

२२ सप्टेंबर २०२५ ला साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल अशा वस्तूंवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा अनेकांनी १३ टक्के स्वस्ताईची वाट पाहिली. करासकट ११८ रुपयांची वस्तू १०५ ला यायला हवी होती, म्हणजे १३ रुपयांनी कमी. पण १३ भागिले ११८ म्हणजे ११ टक्के. कर मूळ किमतीवर असतो आणि आपण घट मोजतो ती छापील किमतीवर. दिवाळीतल्या ‘२० टक्के अधिक १० टक्के’ सुटीचंही तेच. हजाराचे आधी आठशे, मग आठशेचे दहा टक्के वजा करून ७२०. सूट २८ टक्के. पगार दहा टक्के वाढला आणि पुढच्या वर्षी दहा टक्के कापला तर शंभराचे नव्व्याण्णव उरतात.

शहापूर तालुक्याचा सर्वांत जास्त छापला जाणारा टक्का मात्र पैशाचा नाही, पाण्याचा आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. एकट्या भातसाची ७ लाख १७ हजार ३७, म्हणजे जवळजवळ निम्मी. तुळशीची ८,०४६, अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. जुलैत ‘तुळशी शंभर टक्के भरला’ ही बातमी आली की मुंबईकर सुस्कारा टाकतात. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणं असून उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतात, ते सुस्काऱ्यात धरलेलं नसतं. पण हिशेब बघा. तुळशी शंभर टक्के आणि भातसा पन्नास टक्के असेल तर दोन्ही मिळून किती? पंच्याहत्तर म्हणाल तर चुकाल. उत्तर साडेपन्नास.

महागाईचे आकडे असेच वाचायचे. कोथिंबीर दुप्पट झाली तर बोंबाबोंब होते, पण घरखर्चात ती तुळशी तलावाएवढी. भातसा म्हणजे तांदूळ, तेल, गॅस, प्रवास आणि औषध. कसाऱ्याहून रोज ठाण्याला कामाला जाणाऱ्याचा महिना १५,००० चा असेल आणि त्यात तांदूळ-डाळ-तेलाला ५,००० जात असतील, तर तिथली सहा टक्के वाढ ३०० रुपयांची. दोनशे रुपयांच्या हिरव्या भाजीत शंभर टक्के वाढ झाली तरी २०० चीच. सरकारी महागाई दर सगळ्यांची टोपली एक धरून काढलेला असतो. आपली टोपली वेगळी असेल तर आपला दरही वेगळा.

आता वासिंद-आसनगावच्या फलकांकडे. लोकलच्या वाटेवर फ्लॅटच्या जाहिराती वाढल्या आहेत आणि त्यावर व्याजदर असतो. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ वर आणला. ही घट सव्वा टक्क्याची की एकोणीस टक्क्यांची? दोन्ही बरोबर. दरातली वजाबाकी १.२५, आणि ६.५० च्या मानाने घट १९ टक्के. वर्तमानपत्रांत पहिली ‘टक्केबिंदू’ म्हणून लिहितात, पण बोलताना सगळ्यालाच टक्का म्हटलं जातं. बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात मिळणारी ‘१ टक्का’ सवलतही टक्केबिंदूची: जिथे पाच तिथे चार. वीस लाखांच्या घराला ती २०,००० रुपये वाचवते. नोंदणी फी १ टक्का, पण तिला ३०,००० ची कमाल मर्यादा आहे. तीस लाखांच्या घराला ती खरोखर एक टक्का, साठ लाखांच्या घराला अर्धा. कमाल मर्यादा असलेला टक्का श्रीमंताला स्वस्त पडतो.

घरकर्जात दर उतरला की बँका सहसा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. वीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता १७,३५६. समजा कर्ज अगदी नवं असतानाच दर सव्वासातवर आला. मुदत तीच ठेवली तर हप्ता १५,८०८ होतो. दर जवळजवळ पंधरा टक्क्यांनी उतरला आणि हप्ता उतरला नऊ टक्क्यांनी, कारण हप्त्यात मुद्दलही असतं आणि मुद्दलाला दराशी देणंघेणं नाही. महिन्याला १,५४८ वाचले, २४० हप्त्यांचे सुमारे ३ लाख ७२ हजार. पण हप्ता पूर्वीचाच १७,३५६ भरत राहिलं तर कर्ज साधारण १९८ हप्त्यांत, साडेसोळा वर्षांत फिटतं. उरलेले ४२ हप्ते भरावेच लागत नाहीत. त्यांची बेरीज ७ लाख २९ हजारांच्या आसपास. ज्याच्या घरात जूनचा चढ कडक आहे त्याने बँकेत अर्ज देऊन हप्ता कमी करून घ्यावा आणि पुढे चार पैसे हाती आले की मुद्दलात जादा भरणा करावा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड घेता येत नाही.